पोट आत घेतलेली टेकडी

माझे वडील शिंपी. औरादच्या बाजारगल्लीत त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि भिंतीवर एक कॅलेंडर. माप घेताना ते गिऱ्हाइकाला कधी "सरळ उभे राहा" म्हणायचे नाहीत. टेप गळ्यात तसाच ठेवून तुरीचा भाव, पोराची परीक्षा, म्हैस व्यायली का, असं काहीबाही विचारत राहायचे. मधेच "ते कॅलेंडर बगा बरं, अमावस्या कधी हाय" म्हणून त्याचं तोंड भिंतीकडं फिरवायचे आणि तो तारखा शोधेपर्यंत कंबरेला टेप गुंडाळून मोकळे व्हायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, असं कामून करताव? ते म्हणाले, "माप घ्यायलेत म्हणलं की माणूस पोट आत घेतंय. मग सदरा बसत न्हाई, आन् बोल शिंप्याला लागतोय."

हे मला पाठ होतं. तरीही मी एका अख्ख्या टेकडीचं माप तिनं पोट आत घेतलेलं असताना घेतलं, आणि तेही सलग तीन वर्षं.

मीही मापंच घेते, पण झाडांची. गुलबर्ग्याला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं आणि तिथल्याच मॅडमच्या हाताखाली एका पाहणीच्या कामाला लागले. औरादपासून बसनं तासाभरावर लाल मुरमाच्या दोन टेकड्या आहेत, मधे एक ओढा. एका टेकडीभोवती वनखात्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी चर खणला. आत चराई बंद, कुऱ्हाड बंद, आणि मधूनमधून खात्याचीच माणसं जाऊन फार दाटी झालेली झाडं विरळ करतात. दुसरी टेकडी मोकळी. तिथं गावची जनावरं चरतात, बाया सरपण आणतात, उन्हाळ्यात विड्यांसाठी टेंभुर्णीची पानं तोडतात. दोन्हीकडं माती तीच, पाऊस तोच. मग राखण्याच्या दोन पद्धतींनी रानाच्या ठेवणीत काय फरक पडला, एवढंच आम्हाला मोजायचं होतं.

रानाची ठेवण म्हणजे काय, हे मला बसमधले लोकसुद्धा विचारतात. घरात म्हातारं, कर्तं आणि रांगतं अशी तिन्ही माणसं असली तर घर पुढं चालतं, तसंच रानाचं. नुसती जुनी झाडं उभी असली तर लांबून रान हिरवं दिसतं, पण त्यांच्याखाली गुडघ्याएवढी रोपं नसतील तर ते रान संपत आलेलं असतं. म्हणून आम्ही दोन्ही टेकड्यांवर वीस-वीस पावलांचे चौकोन आखायचो. साडेचार फुटांची काठी खोडाला लावून त्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. चौकटी आखलेल्या छोट्या आरशात वरच्या फांद्या बघून किती आभाळ झाकलंय ते टिपायचं. मग गुडघे टेकून रोपं मोजायची. कागदावर शेवटी एक रकाना होता, लेंड्या आणि कुरतडलेले शेंडे. त्या रकान्याकडं मी पुढं परत येणार आहे.

पहिल्या वर्षीच्या कामाला दिवाळीनंतर सुरुवात केली. बंद टेकडी उरकली आणि मोकळ्या टेकडीवर जायच्या आदल्या दिवशी बसमध्ये माझ्या पिशवीत झाडांना खूण करायच्या रंगाचा डबा पालथा झाला. माझे कपडे, वही आणि शेजारच्या बाईंची भाजी, सगळं पांढरं. त्या बाईंनी माझा जो उद्धार केला तो इथं लिहीत नाही. औरादला बाजाराचा दिवस होता, पण तसला रंग मिळेना. मी गेरू घेतला, जवसाच्या तेलात कालवला आणि तोच झाडांना पट्टा मारायला चालेल म्हणाले. हद्दीला बांधायची दोरीही कमी पडत होती. वडिलांनी दुकानातून पिवळ्या दोऱ्याचं मोठं रीळ काढून दिलं. कुणी त्या रंगाचं कापड शिवायला आणत नव्हतं म्हणून ते तसंच पडून होतं.

मोकळ्या टेकडीवर मदतीला गावातल्या दोन बाया होत्या. पहिला चौकोन आखला तर त्या काम सुरू करीनात. नवं काम, नारळ फोडल्याबिगर हात लावायचा नाही म्हणाल्या. माझा राग नाकावर असतो हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे, पण मजूर मिळत नव्हते, म्हणून नारळ आणवला आणि फोडला. दुसऱ्या चौकोनाला त्या पुन्हा थांबल्या. "एकीकडं फोडलाव आन् दुसरीकडं न्हाई, असं कसं चालतंय अक्का?" शेवटी टेकडीवरच्या एकूण एक चौकोनाला मी नारळ फोडला. खोबरं आम्ही तिघींनी खाल्लं.

आता बघा, झाडाला तेलातला लाल पट्टा, भोवती पिवळा दोरा, मधे फुटलेला नारळ. हे मी माझ्या हातानं केलं. या भागात जन्मलेल्या बाईनं केलं, ही त्यातली मोठी गोष्ट.

तिसऱ्या दिवशी अप्पा आले. गावात सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. साठी उलटलेली, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं चाळीसेक शेळ्या. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. अप्पांच्या बापानं इथं दोन एकर मुरमाड जमीन धरली आणि फिरणं थांबलं. मुलगा बिदरला गवंड्याच्या हाताखाली, घरात सून आणि नाती. जमीन असून नसल्यासारखी, घर चालायचं ते शेळ्यांवर. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चौकोनाच्या बाहेर उभं राहून. दोऱ्याच्या आत आले नाहीत. वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या. मला वाटलं, माणूस रीतीचा आहे.

पुढं दरवर्षी ते भेटायचे. एका तांब्यात शेळीचं दूध आणून दगडावर ठेवायचे आणि माझं काम बघत बसायचे. मी एकदा त्यांना आरसा हातात दिला. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आभाळ खाली आणलंव की वो." झाडांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होती, मराठीतली, कानडीतली आणि दोन-चार तेलुगूतली. एखादं रोप मला ओळखू आलं नाही की मी पान तोडून दोऱ्यापाशी न्यायचे आणि ते बाहेरूनच सांगायचे.

दुसऱ्या वर्षी वनखात्याचे रेंजर गावात येऊन सांगून गेले की मोकळ्या टेकडीचं रान झडत चाललंय अशी तक्रार आहे. ही बाई मोजून सांगेल, त्यावर चर खणायचा की नाही ते ठरेल. चर खणला की चराई बंद. तेव्हापासून गावातले काही लोक मला बघून तोंड फिरवायला लागले. अप्पा मात्र पहिल्यासारखेच दूध आणत राहिले. त्यांनी एकदाच विचारलं, "आमच्या टेकडीचं कसं हाय अक्का?" मी म्हटलं, पूर्ण मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षीचं मोजून झालं आणि मी गुलबर्ग्याला आकडे मांडले. मोकळ्या टेकडीवर जुनी झाडं बंद टेकडीइतकीच होती. रोपं तर काही ठिकाणी जास्त होती, पहिल्या वर्षापेक्षा पुष्कळ वाढलेली. धावडा होता, आपटा होता, टेंभुर्णी तर जोमात. मॅडम खूश झाल्या. सगळे म्हणतात चराईनं रान मरतं, आणि आपल्याकडं उलटं दिसतंय, हे मांडण्यासारखं आहे म्हणाल्या. मसुदा तयार झाला. मला वाटलं, आपण काहीतरी मोठं हुडकून काढलं. आणि अप्पांच्या शेळ्या वाचल्या, याचा मला त्याहून जास्त आनंद झाला. अहवाल जायच्या आधी कुणाला सांगायचं नसतं, पण मी एवढी बातमी पोटात घेऊन बसणारी बाई नाही. पुढच्याच रविवारी बसनं तिकडं गेले.

अप्पा ओढ्याच्या अलीकडं शेळ्यांना पाणी पाजत होते. मी सांगितलं, तुमच्या टेकडीवर रोपं चांगली आलीत, चर खणावा असं मी लिहिणार नाही. त्यांचं तोंड उजळलं. काठी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "का येणार न्हाईत? तीन वर्सं झाली, तुमचे देव आमी राखायलोत की."

"माझे कसले देव?"

"आता कसं इचारायलाव? गेरू लावलाव, दोरा बांधलाव, नारळ फोडलाव. तितं कोण जनावर सोडतंय? कुराड तर लांबच. मी सवता सगळ्या गड्यास्नी सांगून ठिवलंय, बाईचे देव हायत, शेळी आत गेली न्हाई पायजे."

मला एकदम तो शेवटचा रकाना आठवला, लेंड्या आणि कुरतडलेले शेंडे. मोकळ्या टेकडीवरच्या सगळ्या चौकोनांत तो रकाना तीन वर्षं कोरा होता. शेळ्या चरणाऱ्या टेकडीवर लेंडी नाही, आणि मी पावसानं वाहून गेली असेल म्हणून पुढं गेले. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना धोंड्यांच्या लहान राशी असायच्या. दोरा उडू नये म्हणून बायांनी ठेवले असतील असं मला वाटायचं. त्या राशी येणाजाणाऱ्या गुराख्यांनी देवाला एकेक धोंडा वाहून केलेल्या होत्या.

मी चिडले. स्वतःवर चिडायला हवं होतं, ती अप्पांवर चिडले. तुम्ही माझी तीन वर्षं मातीत घातली म्हणाले. रेंजरनी सांगितल्यावर मुद्दाम केलंत, रान चांगलं दिसावं म्हणून केलंत, असंही म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझं संपल्यावर अप्पा हळू म्हणाले, "रेंजर तर दुसऱ्या वर्सी आले. मी पैल्या दिवसापासून वहाणा काढायलोय. तुमी बघितलाव न्हाई का?"

बघितलं होतं.

मग ओढ्याच्या काठावर बसून मी त्यांना समजावून सांगितलं की चौकोन हे नमुन्याला घेतलेले असतात. भातातलं एक शीत दाबून बघतो तसे. बाकीच्या टेकडीवर जसं चालतं तसंच त्यांच्यातही चालायला हवं. माझं सांगणं अर्ध्यावर होतं तेवढ्यात ते म्हणाले, "म्हंजे चरायच्या रानाचं माप घेतलंच न्हाई म्हणा की. देवाचंच घेतलाव." मी मान हलवली. त्यांनी एवढंच विचारलं, "आता?" मी म्हटलं, मला माहीत नाही. माझ्याकडून काही मागणं, हातापाया पडणं, असलं काही त्यांनी केलं नाही. शेळ्या वळवल्या आणि वर गेले.

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात काय चाललं होतं ते लपवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेरूचं मला आणि अप्पांना सोडून कुणाला कळणार होतं? मॅडम खूश, गाव खूश, शेळ्या सुखात. मी मूग गिळून गप्प बसले असते तर कुणाचंच नुकसान नव्हतं, त्या टेकडीवर जी रोपं नसतील त्यांचं सोडून. आणि तीन वर्षांचा मूर्खपणा चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, तीही त्यात मिसळलेली होती.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नाही, मशीन कापड टाकून झाकलेली असते. ते ऐकून पोट धरून हसले. "घेतलं की गं टेकडीनं पोट आत," म्हणाले. मला रडू आलं. तेव्हा त्यांनी हसणं आवरलं आणि विचारलं, "मग आता सदरा तसाच शिवणार का?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, गावानं तुला चांगलंच फसवलं. मी म्हटलं, गावानं नाही, माझी मीच फसले, नारळ मीच फोडले. त्यांनी पुन्हा मोजायला महिनाभर दिला. नवे चौकोन, नवी जागा, झाडाला खूण करायची नाही, दोरा बांधायचा नाही. बुंध्याशी मातीत पत्र्याचा नंबर ठोकून वर पालापाचोळा टाकायचा. जागा मोबाइलवर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निघायच्या, म्हणजे माझ्या मर्जीलाही तिथं वाव नव्हता.

पहिल्या दिवशी ओढ्यापाशी अप्पा उभे. शेळ्या सुनेकडं दिलेल्या. मी विचारलं, कामून आलाव? म्हणाले, "शेळ्या माझ्या, तवा माप बी माझ्यासमोर हू द्या." आणि टेपचं एक टोक त्यांनी हातात घेतलं.

ते चार दिवस मी विसरणार नाही. जुनी झाडं सगळीकडं होती, घेर चांगले, वर सावली दाट. आरशात बघितलं तर रान भरलेलं दिसायचं. खाली बघितलं की शेळ्या तोंड लावत नाहीत ती तरवड, घाणेरी आणि उघडा मुरूम. मी गुडघ्यांवर बसून रोपं शोधायचे आणि अप्पा वरून विचारायचे, "हाय का?" मी म्हणायचे, नाही. पुढच्या चौकोनात पुन्हा "हाय का?" आणि पुन्हा नाही. दुपारपर्यंत त्यांनी विचारणं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीचा एक फुटवा सापडला, घोट्याएवढा, झाडूसारखा बसका. अप्पा म्हणाले, हे तरी हाय की. मी खुरप्यानं बाजूची माती काढली. खाली मूळ अंगठ्यापेक्षा जाड होतं. मी सांगितलं, हे या वर्षीचं नाही अप्पा, याला पुष्कळ वर्षं झाली असतील. दरवर्षी वर येतं आणि दरवर्षी कुणीतरी खातं. अप्पा खाली बसले. त्यांनी शेंड्यावरून बोट फिरवलं, कुरतडलेली टोकं बघितली, उंची बघितली. मग म्हणाले, "माझी काळी शेळी. ती असंच तिरकं तोडती."

त्यांनी माती परत मुळावर लोटली, हातानं दाबली आणि उठून उभे राहिले. "लिवा," म्हणाले. मी हातात पेन्सिल धरून तशीच बसले होते. ते पुन्हा म्हणाले, "लिवा की अक्का. झालेलं हाय ते लिवा."

मी लिहिलं. मोकळ्या टेकडीवर रानाची खालची पायरीच राहिलेली नाही, असं लिहिलं. पण जुने गेरूचे चौकोनही मी टाकून दिले नाहीत. ते चराईचा नमुना म्हणून चुकले होते, पण एक गोष्ट दाखवत होते. तिथं चर नव्हता, राखणदार नव्हता, दंड नव्हता. लोकांनी नुसतं मनानं जनावर आत जाऊ दिलं नाही, तर तीन वर्षांत रोपं वर आली होती, बंद टेकडीइतकी. मॅडम म्हणाल्या हे पान काढ, चुकीचा तमाशा आपणच कशाला मांडायचा? आमचं चांगलंच वाजलं. शेवटी ते पान राहिलं.

गावात रेंजरांनी बैठक घेतली. ते पान त्यांनी वाचलं होतं. म्हणाले, चर आत्ता खणत नाही. अर्धी टेकडी तुमची तुम्ही बंद ठेवा, तीन वर्षं. उरलेल्या अर्ध्यात चारा. बंद अर्ध्यात रोपं वर आली तर पुढं आलटून पालटून असंच चालू देऊ. नाही आली तर पूर्ण टेकडीला चर. बैठकीत मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ते मला होतं. मी मान वर केली नाही.

कुठला अर्धा बंद ठेवायचा हे ठरवताना अप्पांनी गावाकडचा अर्धा सांगितला, जवळचा, चारायला सोयीचा. लोक ओरडले. अप्पा म्हणाले, तोच जास्त खाल्लेला आहे, मी बघून आलोय. अर्ध्या रानावर चाळीस शेळ्या भागत नाहीत, हे मोजायला माझी गरज नव्हती. पुढच्या महिन्यात औरादच्या बाजारात मला अप्पा दिसले. वीस शेळ्या घेऊन आले होते आणि शेवटच्या दोन उरल्या होत्या. मी जवळ जाऊ का नको करत उभी राहिले. त्यांनीच हाक मारली. काळी कुठाय, मी विचारलं. "तिलाच आधी इकली," म्हणाले, आणि वडिलांची तब्येत विचारली. माझ्या खऱ्या मापामुळं त्या माणसाच्या दावणीतली निम्मी जनावरं गेली. हे मला तेव्हा टोचलं आणि आजही टोचतं. खरं लिहिलं म्हणून टोचायचं थांबत नाही.

या वर्षी दिवाळीनंतर मी बंद अर्ध्याचं पहिलं माप घ्यायला गेले. अप्पा ओढ्यापाशी थांबलेले, दुधाचा तांब्या घेऊन. माझ्या हातातला टेप त्यांनी सवयीनं घेतला आणि चालायला लागले. मी तिथंच उभी राहिले. गेल्या आठवड्यात मोबाइलवर नव्या जागा निघाल्या होत्या आणि त्या माझ्याशिवाय कुणाला कळता कामा नयेत असं ठरलं होतं. गावाला तर नाहीच, नाहीतर पुन्हा नेमके तेवढेच चौकोन राखले जायचे. ज्याच्या हातात टेपचं टोक होतं त्या माणसाला हे कसं सांगायचं ते मला सुचेना.

"काय झालं?" ते म्हणाले.

"अप्पा, या वेळेला जागा तुम्हाला दाखवता येत नाहीत."

ते थांबले. टेपचा गुंडाळा हातात फिरवत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस दूध ओतून देईल आणि निघून जाईल, आणि मला ते चाललं असतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मला ठाव झालं की माझ्या शेळ्यास्नी बी ठाव होतंय." टेप माझ्या हातात दिला. माझ्याबरोबर चढावाच्या तोंडापर्यंत आले आणि तिथं काठी टेकून गावाकडं तोंड करून उभे राहिले, टेकडीकडं पाठ करून. "तुमी जावा. माघारी येताना हाक मारा, तवर मी फिरत न्हाई."

मी वर गेले. पहिला चौकोन त्यांच्यापासून फार लांब नव्हता. पालापाचोळा बाजूला सारून गुडघ्यांवर बसले. टेंभुर्णीची चार रोपं होती, तीन गुडघ्यापर्यंत आलेली, शेंडे सरळ आणि कोवळे, एकही कुरतडलेला नाही. धावड्याची दोन. मला तिथूनच ओरडून सांगावंसं वाटलं. झाडांमधून खाली त्यांची पाठ आणि घोंगडी दिसत होती. वडील गिऱ्हाइकाचं तोंड कॅलेंडरकडं फिरवायचे, पण या माणसानं आपलं आपणच फिरवलं होतं.

मी मापं लिहिली आणि पुढच्या चौकोनाकडं गेले. ऊन कलल्यावर खाली येऊन हाक मारली. ते वळले. माझ्या तोंडाकडं त्यांनी नीट बघितलं आणि मी तोंड शक्य तितकं कोरं ठेवलं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि तांब्यातलं दूध प्यायले.